बेटकास्टिंग रीळ: निवड, जुळवणी आणि सराव यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोरल धरण, मंडलेश्वर-महेश्वरकडची नर्मदा किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचे तळे अशा ठिकाणी सुट्टीच्या दिवशी पहाटे इंदूरहून निघून गळ टाकायला जाणारी जी मराठी मंडळी माझ्या ओळखीची आहेत, त्यांपैकी बहुतेकांना एक-दोन वर्षांनी बेटकास्टिंग रिळाचा मोह होतो. रीळ विकत घेतले जाते, पहिल्याच सकाळी दोरीचा गुंता होतो आणि मग ते कपाटात जाऊन पडते. चांगले अवजार असे वाया गेलेले मला पाहवत नाही, म्हणून मला पुन्हा पुन्हा विचारल्या गेलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत.

बेटकास्टिंग रीळ नेहमीच्या स्पिनिंग रिळापेक्षा वेगळे कसे असते?

स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली लटकते आणि फेक करताना त्याचे स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली चकरी, जागेवरून हलत नाही. दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते. बेटकास्टिंग रीळ रॉडच्या वर बसते आणि त्याचे स्पूल स्वतः गरगर फिरून दोरी सोडते. संक्रांतीला पतंगाचा हुचका ज्याने हातात धरला आहे, त्याला हा फरक लगेच कळेल. पतंग जोराने मांजा ओढत असतो तोवर हुचका सुरळीत फिरतो. ओढ एकदम थांबली आणि हुचका मात्र फिरत राहिला, की मांजा सैल होऊन त्याच्याभोवती फुगतो. बेटकास्टिंग रिळाची सगळी विद्या आणि सगळी अडचण या एका गोष्टीत आहे.

या रचनेचा फायदा असा की फिरणाऱ्या स्पूलवर आपला अंगठा टेकलेला असतो आणि आमिष कोठे पडावे हे आमिष हवेत असतानाही ठरवता येते. शिवाय दोरी काटकोनात न वळता सरळ स्पूलवर येते, त्यामुळे जाड दोरी, वजनदार आमिष आणि पाणवनस्पतींत शिरलेला मासा यांच्याशी झुंजताना हे रीळ अधिक ताकदीने ओढते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील केंटकीमध्ये जॉर्ज स्नायडर या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने दातेरी चाके बसवून, हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे देणारे रीळ तयार केले. आजच्या रिळांची घराणी तेथपर्यंत मागे जातात, आणि घड्याळजीच्या हातचा तो नेमकेपणा चांगल्या रिळात आजही जाणवतो.

अगदी पहिले रीळ म्हणून हेच घ्यावे का?

ज्याने आजवर एकदाही फेक केलेली नाही, त्याने आधी स्पिनिंग रिळावर काही महिने घालवावेत असे माझे स्पष्ट मत आहे. पिठाचे गोळे लावून रोहू-कतल्यासाठी तळाशी गळ सोडून बसणाऱ्यालाही या रिळाची गरज नाही. सात ग्रॅमपेक्षा हलकी आमिषे वापरायची असतील, तर ती साधे बेटकास्टिंग रीळ नीट फिरवू शकत नाहीत.

मात्र कमळाच्या पानांत आणि शेवाळात दडणाऱ्या मरळीवर, म्हणजे आपल्याकडच्या सांवलवर, रबरी बेडूक फेकायचा असेल, तर या रिळाला तोड नाही. बेडूक पानांमधल्या हातभर मोकळ्या जागेत पडावा लागतो आणि मासा लागताच त्याला वनस्पतींत तोंड खुपसू न देता बाहेर काढावे लागते. नेमकी फेक आणि जोरकस ओढ ही दोन्ही कामे येथे लागतात.

हँडल डाव्या बाजूला असलेले घ्यावे की उजव्या?

स्पिनिंग रिळाचे हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येते, तसे येथे करता येत नाही. त्यामुळे हा निर्णय विकत घेण्यापूर्वीच करावा लागतो. उजव्या हाताने फेक करणाऱ्याने उजवे हँडल घेतले, तर प्रत्येक फेकीनंतर रॉड डाव्या हातात घ्यावा लागतो. पूर्वीपासूनची प्रथा तीच आहे आणि अनेक जुने जाणकार तसेच करतात. परंतु ज्यांना स्पिनिंग रीळ डाव्या हाताने फिरवण्याची सवय आहे, त्यांनी डावे हँडल घ्यावे. आमिष पाण्याला लागताच मासा झडप घालतो तेव्हा हात बदलण्यात गेलेला क्षण महाग पडतो.

गिअर रेशोचा आकडा काय सांगतो?

७.१:१ असा आकडा असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे ७.१ फेरे होतात. स्पूलवरील दोरीच्या थराचा व्यास ३३ मिलिमीटर धरला तर परीघ सुमारे १०.४ सेंटिमीटर येतो, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ७४ सेंटिमीटर दोरी आत येते. ५.४:१ च्या रिळात तीच ५६ सेंटिमीटर येते. कमी आकड्याचे रीळ सावकाश पण जोराने ओढते आणि पाण्यात खोल जाऊन थरथरणाऱ्या, हाताला जड लागणाऱ्या आमिषांना ते बरे पडते. बेडकासाठी सात किंवा त्याहून अधिक आकडा चांगला, कारण सैल पडलेली दोरी चटकन गोळा करावी लागते. एकच रीळ घ्यायचे असेल तर ६.३ ते ७.१ यांच्या दरम्यानचे घ्यावे.

ब्रेक कोणते चांगले, लोहचुंबकाचे की केंद्रोत्सारी?

रिळावर वेग रोखणाऱ्या दोन वेगळ्या सोयी असतात आणि नवशिक्यांचा येथेच घोटाळा होतो. हँडलच्या बाजूला, चांदणीच्या आकाराच्या ड्रॅगजवळ (मासा ओढत असताना दोरी किती जोरावर सुटावी हे ठरवणाऱ्या चक्राजवळ) जो लहान गोल नॉब असतो, तो स्पूलच्या दांड्याला बाजूने दाबून धरतो. त्याला टेन्शन नॉब म्हणतात. ब्रेक त्याच्या विरुद्ध बाजूच्या झाकणात असतो.

केंद्रोत्सारी ब्रेकमध्ये स्पूलबरोबर फिरणारे लहान ठोकळे असतात. वेग वाढताच ते बाहेर फेकले जाऊन कड्याला घासतात, त्यामुळे फेकीच्या सुरुवातीला, वेग सर्वाधिक असताना, त्यांचा जोर सर्वाधिक असतो आणि पुढे तो झपाट्याने ओसरतो. चुंबकीय ब्रेकमध्ये काहीच घासले जात नाही. ॲल्युमिनियमच्या स्पूलला लोहचुंबक चिकटत नाही हे आपण जाणतो; पण ते स्पूल चुंबकाजवळून वेगाने फिरू लागले की त्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. हा विरोध फेकीच्या अखेरपर्यंत थोडाथोडा टिकतो. शिमानोच्या अनेक रिळांत पहिली आणि दाइवाच्या अनेक रिळांत दुसरी पद्धत असते, आणि दोन्ही पद्धतींवर लोक उत्तम फेक करतात.

शिकणाऱ्यासाठी मी चुंबकीय ब्रेक सुचवतो. त्याची चकती बाहेरून बोटाने फिरवता येते, प्रत्येक वेळी झाकण उघडावे लागत नाही, आणि सरावात दर पाच फेकींनी एक खूण कमी-जास्त करून फरक अनुभवता येतो.

बेअरिंगची संख्या जास्त असलेले रीळ चांगले असते का?

नाही. दहा सुमार बेअरिंगपेक्षा चार चांगली बेअरिंग बरी. दुकानात हँडल हलकेच मागे-पुढे हलवून ढिलाई जाणवते का ते पाहावे, क्लच, म्हणजे स्पूल मोकळे करणारी कळ, दाबून स्पूल बोटाने फिरवावे आणि कान देऊन ऐकावे. खरखर येत असेल तर डब्यावर काहीही छापलेले असले तरी ते रीळ घेऊ नये.

जुन्या स्पिनिंग रॉडवर हे रीळ चालेल का?

चालणार नाही. कास्टिंग रॉडच्या कड्या वरच्या बाजूला आणि आकाराने लहान असतात आणि मुठीखाली बोट अडकवण्यासाठी आकडा असतो. साडेसहा ते सात फूट लांबीचा, मीडियम किंवा मीडियम-हेवी ताकदीचा रॉड घ्यावा. मुठीच्या वर तो किती वजनाच्या आमिषासाठी आहे हे छापलेले असते. १० ते २१ ग्रॅम किंवा त्याच्या आसपासचे आकडे असावेत. फार ताठ रॉड हलक्या आमिषाने वाकत नाही, आणि जो रॉड वाकत नाही त्याच्यावर नवशिक्या हिसका देतो.

दोरी कोणती चढवावी?

सुरुवातीला साधी नायलॉनची तंगूस, बारा ते चौदा पाउंडांची, म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटर जाडीची. ती स्वस्त असते, बोटाला लागते, गुंता झाला तर डोळ्यांना दिसते आणि कापून टाकताना जिवाला लागत नाही. फ्लुरोकार्बन ताठ असते आणि गुंत्यात मुरगळली तर त्या जागी कमकुवत होते. विणीची दोरी, जिला आपण ब्रेड म्हणतो, ती बेडकासाठी पुढे लागेलच; पण ती बारीक आणि मऊ असल्यामुळे खालच्या थरांत रुतून बसते. ती चढवताना आधी काही मीटर तंगूस गुंडाळावी, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर सगळी दोरी एकसंध घसरते.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. माझ्या पहिल्या रिळावर दुकानदाराने थेट बारीक ब्रेड चढवून दिली होती. चोरलच्या काठावर तिसऱ्याच फेकीला स्पूलवर लोकरीच्या गुंड्यासारखा ढीग उभा राहिला. मी तो नखांनी उकलत बसलो, सूर्य डोक्यावर आला, आणि अखेर कात्रीने सुमारे चाळीस मीटर दोरी कापावी लागली. त्या दिवशी रिळात दोष आहे असे मला वाटले होते. रीळ निर्दोष होते आणि आज तेच माझ्या हाताला सर्वांत सवयीचे आहे.

दोरी गुंडाळताना ती ओल्या फडक्यात चिमटीने धरून ताणावर ठेवावी आणि स्पूलच्या काठापासून सुमारे तीन मिलिमीटर आत थांबावे. काठोकाठ भरलेले स्पूल नवशिक्याला आवरत नाही.

पहिल्या फेकीपूर्वी रीळ कसे जुळवावे?

ब्रेक पूर्ण चढवावा. आमिष टोकाच्या कडीपासून वीतभर खाली सोडावे, रॉड थोडा वर धरावा आणि अंगठा स्पूलवर ठेवून क्लच दाबावा. आता अंगठा उचलल्यावर आमिष स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरले पाहिजे आणि ते जमिनीला टेकताच स्पूल थांबले पाहिजे. टेकल्यावरही स्पूल फिरत राहिले तर टेन्शन नॉब थोडा आवळावा. आमिष खालीच येत नसेल तर सैल करावा. आमिष बदलले की ही चाचणी पुन्हा करावी, कारण दहा ग्रॅमसाठी जुळवलेले रीळ वीस ग्रॅमला जुळलेले नसते.

ड्रॅग वेगळा. तो मासा ओढत असताना दोरी किती जोरावर सुटावी हे ठरवतो, फेकीशी त्याचा संबंध नाही. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका तो ठेवावा. बारा पाउंड म्हणजे सुमारे साडेपाच किलोच्या दोरीला दीड किलोच्या आसपास. दोरीला लहान स्प्रिंगकाटा लावून ओढले की हे मोजता येते.

फेक नेमकी कशी करावी?

अंगठ्याची पेरी स्पूलवर सपाट दाबून न ठेवता थोडी तिरकी टेकवावी, म्हणजे दाब हवा तेवढाच देता येतो. फेक करताना मनगट आत वळवून रीळ आडवे करावे; उजव्या हाताने फेकताना उजवे हँडल आकाशाकडे आणि डावे हँडल जमिनीकडे येते. त्यामुळे मनगट मोकळे फिरते. रॉड मागे नेऊन आमिषाच्या वजनाने त्याला वाकू द्यावे आणि त्याच ओघात पुढे आणावे. रॉड समोर, नजरेच्या किंचित वर आला की अंगठ्याचा दाब काढावा. पण अंगठा उचलून दूर नेऊ नये. तो स्पूलवरच्या दोरीला मोरपिसाच्या स्पर्शाने चाटून जाईल इतका जवळ राहिला पाहिजे. सैल होऊ लागलेल्या दोरीचे वेढे स्पूलवर फुगू लागतात तेव्हा ते आधी अंगठ्याला गुदगुल्यांसारखे जाणवतात, डोळ्यांना नंतर दिसतात. तो स्पर्श ओळखता आला की निम्मे काम झाले. आमिष पाण्याला टेकण्याच्या किंचित आधी अंगठा पूर्ण दाबून स्पूल थांबवावे.

जोर लावू नये. लांब फेक करण्याची हौस हे गुंत्याचे पहिले कारण आहे. आठ-दहा मीटरची, डौलदार आणि सावकाश फेक शंभर वेळा करावी. लांबी नंतर आपोआप येते.

गुंता का होतो आणि तो कसा सोडवावा?

आमिष दोरी ओढते त्यापेक्षा स्पूल जोरात फिरले की गुंता होतो, आणि हे मुख्यतः तीन वेळा घडते. हिसक्याने सुरुवात केली तर स्पूल एकदम वेग घेते. समोरून वारा असेल तर आमिष हवेत मंदावते आणि स्पूलला ते कळत नाही. आणि आमिष पाण्यात पडल्यावर अंगठा दाबायला उशीर झाला तर स्पूल रिकामेच फिरत राहते. गुंता स्पूलवर कोठे आहे हे पाहिले की चूक कोणती ते समजते: फेकीच्या प्रारंभीचा गुंता खोल आणि घट्ट असतो, अखेरचा गुंता वरवरचा आणि भुसभुशीत असतो.

गुंता झाल्यावर दोरी जोराने ओढू नये. त्याने सैल वेढ्यांच्या गाठी होतात. हँडल फिरवून क्लच लावावा, अंगठा स्पूलवर घट्ट दाबावा आणि तसाच दाबून हँडलचे तीन-चार फेरे द्यावेत. त्यामुळे वर आलेले वेढे खाली बसतात. मग क्लच दाबून दोरी हळूच ओढावी. अडली की पुन्हा तेच करावे. बहुतेक गुंते याच पद्धतीने तीन-चार आवर्तनांत सुटतात. राहिलेला वेढा बोटाच्या टोकाने उचलावा. सुई किंवा चाकू लावल्यास दोरीला चरे पडतात आणि ती पुढे मासा लागलेला असताना तुटते.

एक उपाय मी प्रत्येक नवशिक्याला करायला लावतो. आपल्या नेहमीच्या फेकीइतकी दोरी बाहेर काढावी, आणखी दहा मीटर काढावी आणि स्पूलवर उरलेल्या दोरीवर वायरमनची चिकटपट्टी एक वेढा लावावी. मग गुंता कितीही झाला तरी पट्टीच्या खाली जात नाही. नर्मदेवर जायच्या दिवशी मात्र पट्टी आठवणीने काढावी. मोठा मासा दोरी घेऊन पळाला तर ती आडवी येते.

शहरात सराव कोठे करावा?

पाण्याची गरज नाही. गळ नसलेले चौदा ग्रॅमचे सरावाचे वजन बांधावे, दहा मीटरवर एक घमेले ठेवावे आणि त्यात वजन टाकण्याचा प्रयत्न करावा. पहाटे क्रिकेटवाले येण्यापूर्वी चिमणबागेसारखे मैदान रिकामे असते. रोज वीस मिनिटे दिली तर पंधरा दिवसांत हात बसतो. एका रविवारी चार तास घालवून तो बसत नाही.

गच्चीवर सराव करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की विजेच्या तारा जवळ असतील तर तेथे रॉड उचलू नये. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, आणि जुन्या वस्त्यांत तारा गच्चीच्या हाताच्या अंतरावरून गेलेल्या असतात. मैदानातही फेक करण्यापूर्वी मागे वळून पाहावे. लहान मुले न कळत जवळ येतात. पाण्यावर गळासह फेक करताना चष्मा घालावा.

गळ टाकण्यासाठी परवानगी लागते का? बंदीचा काळ कोणता?

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा काळ असल्यामुळे नद्या आणि जलाशयांत मासेमारीला बंदी असते. जलाशयांचे मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेले असतात आणि इंदिरा सागर, गांधी सागर यांसारखे मोठे जलाशय राज्याच्या मत्स्य महासंघाकडे आहेत. म्हणून जाण्यापूर्वी ठेकेदार संस्थेची किंवा जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयाची परवानगी घ्यावी. इंदूरचा सिरपूर तलाव आणि शहराजवळचा यशवंत सागर ही दोन्ही ठिकाणे २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. यशवंत सागरावर सारस क्रौंच राहतात, आणि माझ्या मते ही दोन्ही पाणी पक्ष्यांसाठीच सोडावीत.

बंदीचे दोन महिने मला नवशिक्यासाठी वर्षातले सर्वांत उपयोगी वाटतात. जूनमध्ये रीळ घ्यावे, पावसाच्या उघडिपीत मैदानावर घमेले मांडावे आणि १५ ऑगस्ट उलटल्यावर पाण्यावर जावे.

नर्मदेत महाशीर लागला तर तो सोडून द्यावा. तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे आणि नर्मदेत तो पूर्वीसारखा उरलेला नाही. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर मासा पाण्यातच सोडता येतो. तसेच मरळीच्या लालसर पिलांचा थवा पाण्यावर बुडबुडताना दिसला, तर त्याखाली राखण करणाऱ्या आईबापांवर बेडूक फेकू नये. ते रागाने झडप घालतात, सहज पकडले जातात, आणि मग ती शेकडो पिले उघडी पडतात.

रिळाची निगा कशी राखावी?

काठावरून परतल्यावर ओल्या फडक्याने पुसावे. नळाच्या जोरदार धारेखाली धरू नये, कारण माती आत जाते. महिन्यातून एकदा स्पूलच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगमध्ये आणि दोरी डावी-उजवीकडे नेणाऱ्या स्क्रूवर पातळ तेलाचा एकेक थेंब सोडावा. शिलाई मशीनचे तेल चालते. खोबरेल तेल कधीही घालू नये. आपल्याकडच्या थंडीत ते थिजते आणि बेअरिंग जाम होते. ग्रीस फक्त दातेरी चाकांना, बेअरिंगला नाही. ठेवून देताना ड्रॅग सैल करावा, म्हणजे आतल्या चकत्या दाबून बसत नाहीत.

कापलेल्या दोरीचे काय करावे?

ती खिशात घालून घरी आणावी. सुरुवातीच्या महिन्यांत बरीच दोरी कापावी लागते आणि काठावर फेकलेली तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही. बगळ्यांचे आणि टिटव्यांचे पाय तिच्यात अडकतात. मी पिशवीत झाकणाला भोक पाडलेली एक जुनी औषधाची डबी ठेवतो आणि कापलेले तुकडे तिथल्या तिथे त्या भोकातून आत सरकवतो. घरी आल्यावर तुकड्यांचे कात्रीने बोटभर लांबीचे बारीक तुकडे करावेत आणि मगच ते कचरागाडीच्या सुक्या कचऱ्यात टाकावेत.